वेलीचे तणावे फुलदाणीत का टिकत नाहीत?

प्रश्न : आम्ही भुशीला राहतो. पावसाळा लागला की कुंपणावर आणि परसात नाना वेली चढतात. त्यांचे कुरळे तणावे गणपतीत आणि घरच्या कार्यात फुलांच्या सजावटीत वापरावेत असे फार वाटते. पण वेल कापून घरात आणली की दोन तासांत मान टाकते आणि तणाव्याचा पीळही सुटतो. उलट दोडक्याच्या मांडवावरचे वाळके तणावे उन्हाळ्यापर्यंत जसेच्या तसे राहतात. ताज्याचा पीळ सुटावा आणि वाळक्याचा राहावा, हे कसे? शिवाय कोणत्या वेली सजावटीला चालतात आणि कोणत्या टाळाव्यात, तेही सांगावे.
— एक वाचक, भुशी, ता. मावळ

उत्तर : तुमच्या पत्रात खरे तर तीन प्रश्न आहेत. तणाव्याचा पीळ कधी सुटतो आणि कधी कायम राहतो, हा पहिला. कापलेली वेल इतक्या लवकर का मलूल होते, हा दुसरा. आणि भुशीच्या आसपासच्या वेलींपैकी कोणत्या घरात आणाव्यात, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर कळले की बाकीचे दोन निम्मे सुटतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. प्रत्येक वेलीला तणावे असतात असे आपण धरून चालतो, पण तसे नाही. वेलींच्या चढण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. गुळवेल, कुसर, गारवेल, कडू कारंदा यांचे खोडच आधाराभोवती वेढे घेत वर जाते. त्यांच्या अंगावर तणावा शोधून सापडणार नाही. मनीप्लांट आणि मिरवेल खोडावरच्या मुळांनी चिकटतात. बोगनवेल काट्यांच्या आधाराने दुसऱ्या झाडावर रेलते. मोरवेल पानाचा देठच काडीला गुंडाळते. खरे तणावे दिसतात ते दोडका, तोंडली, कारले, काकडी या भाजीच्या वेलींवर, तसेच कृष्णकमळ, द्राक्ष, घोटवेल, कपाळफोडी यांच्यावर. शास्त्राच्या पुस्तकांत यांनाच प्रतान म्हणतात.

हे तणावेही एकाच जागी उगवत नाहीत. कृष्णकमळाचा तणावा पानाच्या बगलेतून निघतो, द्राक्षाचा पानाच्या समोरच्या बाजूने, घोटवेलीचे दोन तणावे पानाच्या देठाच्या दोन्ही अंगांनी. कळलावीचे तर पानाचे टोकच लांबून तणाव्याचे काम करते. सजावट करणाऱ्याला या तपशिलाचा उपयोग आहे. कळलावीचे पान काढले तर तणावाही गेला, कृष्णकमळाचे पान मात्र खुशाल काढता येते आणि तणावा जागेवर राहतो.

आता पिळाकडे वळू. कोवळा तणावा जवळजवळ सरळ असतो, टोकाशी किंचित आकडा असतो. तो स्वस्थ बसत नाही. हवेत हळूहळू गोल फिरत राहतो. आधार कुठे आहे हे त्याला ‘दिसते’ असे पुष्कळांना वाटते, पण त्याला दिसत काहीच नाही. फिरता फिरता कशाला तरी टोक लागते, एवढेच. लागले की स्पर्शाच्या बाजूची वाढ मंदावते, समोरच्या बाजूची वाढते आणि टोक त्या वस्तूभोवती वळते.

हा सगळा खेळ बारकाईने मांडला तो चार्ल्स डार्विनने. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याने १८५८ मध्ये काकडीच्या कुळातल्या वेलींच्या तणाव्यांवर एक छोटे टिपण लिहिले होते. ते वाचून डार्विनला गोडी लागली. ग्रेने पाठवलेल्या बियांपासून वाढवलेली रानकाकडी तो आपल्या खोलीत ठेवून पाहत बसे. त्या निरीक्षणांचा प्रबंध १८६५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि १८७५ मध्ये त्याचे पुस्तक झाले. कृष्णकमळाच्या कुळातल्या एका वेलीचा तणावा काडीने नुसता हलका स्पर्श केल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात वळू लागतो, अशी नोंद त्याने केली आहे. पाण्याच्या थेंबांनी मात्र तो तणावा वळला नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या, तुमच्या भुशीजवळच्या लोणावळ्यात ही सोय मोलाचीच म्हणायची. प्रत्येक सरीला वळत बसला असता तर वेल चढली केव्हा असती?

याच निरीक्षणात तुमच्या कोड्याची पहिली किल्ली आहे. स्पर्श करणारी काडी लगेच काढून घेतली, तर वळलेला तणावा काही वेळाने पुन्हा सरळ होतो. म्हणजे कोवळ्या तणाव्याचे वळण हे तात्पुरते असते. पेशी जिवंत, पाण्याने टरटरलेल्या आणि मऊ असतात. तुम्ही वेल कुंपणावरून सोडवून आणता तेव्हा एक तर आधार सुटतो आणि दुसरे म्हणजे पेशींतले पाणी कमी होते. मग वळण राहणार कशाच्या जोरावर? म्हणून ताज्याचा पीळ सुटतो.

पुढचा टप्पा आधार पक्का पकडल्यानंतरचा. टोक अडकले की साधारण एक-दोन दिवसांत तणाव्याचा मधला भाग पिळायला लागतो. त्यामुळे तणावा आखडतो आणि वेल आधाराकडे ओढली जाते. हा पीळ जवळून पाहा. मांडवावरचा एखादा जुना तणावा बोटांवर घ्या आणि एका टोकापासून वेढे मोजत जा. मध्यावर कुठे तरी एक लहानसा सरळ तुकडा लागेल आणि त्याच्यापुढे वेढ्यांची दिशा उलटलेली दिसेल. अर्धे वेढे उजवीकडे, अर्धे डावीकडे. जुन्या टेलिफोनची गुंडाळीची वायर आठवत असेल तर तिच्यातही मध्येच असा उलटा वेढा पडायचा.

याचे कारण साधे आहे. तणाव्याचे एक टोक वेलीला जखडलेले असते आणि दुसरे काडीला. दोन्ही टोके बांधलेली असताना धाग्याला एकाच दिशेने पीळ देता येत नाही, कारण टोक फिरायला मोकळे नसते. जितके वेढे एका दिशेने पडतील तितकेच उलट्या दिशेने पडावे लागतात. ज्या तणाव्याला आधारच मिळाला नाही, तोही म्हातारपणी गुंडाळतो, पण त्याचे टोक मोकळे असल्यामुळे सगळे वेढे एकाच दिशेने जातात. तेव्हा नुसत्या नजरेने तणाव्याचा इतिहास वाचता येतो. मध्ये दिशा उलटलेली असेल तर त्याला आधार मिळाला होता, नसेल तर तो हवेतच चाचपडत राहिला.

सजावटीसाठी हा फरक निर्णायक आहे. आधार मिळालेला तणावा जाड होतो, त्याच्या आत काष्ठमय तंतू तयार होतात आणि तो टणक बनतो. आधार न मिळालेला बहुधा बारीक होऊन वाळतो आणि पुष्कळ वेलींत गळूनच पडतो. हे टणक होणे नेमके कसे घडते, ते हार्वर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी काकडीच्या तणाव्यावर तपासले आणि २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. प्रा. एल. महादेवन त्या गटात होते. तणाव्याच्या आत तंतुमय पेशींची दोन थरांची एक पट्टी असते. आतल्या बाजूचा थर जास्त आखडतो, बाहेरचा कमी, आणि या ओढाताणीत पट्टी वळते. ही पट्टी काष्ठमय झाली की पीळ पेशींतल्या पाण्यावर अवलंबून राहत नाही. उलट वाळताना तो अधिकच आवळला जातो. मांडवावरचा वाळका तणावा उन्हाळ्यापर्यंत तसाच राहतो तो यामुळे.

म्हणजे तुमच्या प्रश्नात उलटे असे काही नाही. पीळ ताजेपणाने टिकत नाही, पक्केपणाने टिकतो. ज्या तणाव्याचे काम पुरे झाले आहे तोच सजावटीला घ्यायचा. पारख करायची असेल तर तणावा दोन बोटांत धरून अलगद ताणा आणि सोडा. झटकन पूर्ववत झाला तर तो पक्का. सैल पडून राहिला तर अजून कोवळा आहे, त्याला आठ-पंधरा दिवस द्या.

यातून एक सोपी युक्ती निघते. तणावा आधारापासून सोडवायचाच नाही, काडीसकट कापायचा. दोडका, तोंडली किंवा कृष्णकमळ चढत असेल तिथे बांबूच्या बारीक कांब्या, वाळक्या फांद्या किंवा तारेची कडी आधीच लावून ठेवा. कोवळ्या तणाव्याच्या टोकापासून चार-पाच बोटांच्या अंतरात काडी असली की पुरे, बाकीचे तोच पाहून घेतो. काडी मात्र बारीक आणि थोडी खरबरीत हवी. गुळगुळीत जाड पाइपावर पकड बसत नाही. पीळ पक्का झाला की काडी आणि वेलीचा तुकडा एकत्र कापून घ्या. तारेच्या कड्यावर वेल चढवली तर दाराला लावायचे तयार वळे मिळते आणि त्याला सुतळी बांधावी लागत नाही. घाईच्या गिऱ्हाइकाला ही रीत आवडणार नाही, पण दुकानातली तार आणि हिरवी टेप वापरून असा पीळ कुणालाही बसवता आलेला नाही.

आता दुसरा प्रश्न, वेल मान का टाकते. वेलीला स्वतःचे वजन पेलायचे नसते. ते काम झाडाचे किंवा कुंपणाचे. त्यामुळे वेल खोड जाड करण्यात फारसा खर्च करत नाही. बारीक खोडातून लांबवरच्या पानांना पाणी पोहोचवायचे म्हणून तिच्या पाण्याच्या नळ्या मात्र रुंद असतात. खोड कापताच या नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. इकडे मोठमोठी मऊ पाने पाणी हवेत सोडतच असतात. आवक थांबली आणि जावक चालू, अशा स्थितीत कोवळा शेंडा सगळ्यांत आधी लवतो. भुशीच्या पावसाळी हवेत पानांतून पाणी कमी जाते, म्हणून कुंपणावर सगळे छान दिसते. घरात पंख्याखाली आणल्यावर हिशेब बिघडतो.

उपायही या कारणातूनच निघतात. वेल सकाळी लवकर कापावी आणि बादली सोबत न्यावी. काप तिरका घ्यावा आणि टोक लगेच पाण्यात बुडवावे. घरी आल्यावर टोकाचा दोन बोटे भाग पाण्याखालीच पुन्हा कापावा, म्हणजे हवा शिरलेला तुकडा निघून जातो. अगदी कोवळा शेंडा खुडून टाकावा, तो टिकणार नाहीच. मोठी पाने निम्म्याहून अधिक काढावीत. मग खोल पाण्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी तीन-चार तास ठेवून नंतरच रचना करावी. पांढरा चीक येणाऱ्या वेलींचे टोक काही सेकंद गरम पाण्यात धरले की चीक थांबतो. एवढे केले तर पक्व वेल दोन-तीन दिवस सहज उभी राहते, चिवट पानांची त्याहूनही जास्त.

फुलवाले वापरतात तो हिरवा फोम वेलींना फारसा मानवत नाही. बारीक खोड त्यात खुपसताना चेचते आणि पाणी ओढायचे तोंडच बंद होते. शिवाय तो फोम प्लॅस्टिकच्या जातीचा आहे, तो कुजत नाही. त्यापेक्षा अरुंद तोंडाची बाटली, तांब्या किंवा लहान काचेच्या नळ्या बऱ्या.

तिसरा प्रश्न वेलींच्या निवडीचा. भुशी ज्या परिसरात आहे त्या परिसराच्या वनस्पतींची मोजदाद फार काळजीने झाली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये त्यांचा ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. घाटमाथ्यावरच्या वेली ओळखायच्या तर अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. आपल्याला इथे मोजक्याच वेली पुरतील.

सगळ्यांत खात्रीची म्हणजे घोटवेल. पाने चिवट, चकचकीत, ठळक शिरांची. देठाशी जोडीने निघणारे तणावे तारेसारखे टणक. पाण्याशिवायही ती बराच वेळ तरतरीत राहते, म्हणून तोरणाला किंवा मखराच्या कमानीला उत्तम. अमेरिकेच्या दक्षिण भागात लग्नाच्या कमानींसाठी हिचीच एक बहीण वापरायची जुनी पद्धत आहे. फक्त खोडाला काटे असतात, तेवढे सांभाळा.

दुसरी कपाळफोडी. ही तणासारखी कुठेही उगवणारी वेल आहे, तेव्हा कापताना मनाला लागण्याचे कारण नाही. तिची हिरवी, फुगीर, कागदासारखी हलकी फळे आणि फुलांच्या देठावरचे बारीक तणावे एकत्र फार नाजूक दिसतात. फळ वाळल्यावर फोडून पाहा, काळ्या गोल बीवर बदामाच्या आकाराचा पांढरा ठिपका असतो. मुलांना हे दाखवायला विसरू नका.

तिसरी कृष्णकमळ. हिचे फूल एक दिवसाचे पाहुणे असते, त्यामुळे फुलावर भिस्त ठेवू नये. लांब, स्वच्छ पिळाचे तणावे हीच तिची खरी देणगी. तोंडली आणि कारल्याचे तणावे साधे, एकधागी असतात, तर दोडक्याचे आणि भोपळ्याचे फाटे फुटलेले. नाजूक रचनेला पहिले, भरगच्च रचनेला दुसरे. भाजीचा हंगाम उतरला की या वेली उपटून टाकल्याच जातात, त्याआधी तणावे काढून घेतले तर फुकटचा माल.

मोरवेलीला तणावे नसले तरी पावसाळ्यानंतर येणारी तिची पिसांसारखी फळे सजावटीत शोभतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय या बाईंनी बड्या दुकानांच्या काचेच्या खिडक्यांत महागड्या फुलांशेजारी कुंपणावरच्या रानवेली मांडून खळबळ उडवली होती. त्यांच्या आवडत्या सामानात मोरवेलीच्याच कुळातली, तशाच पिसांच्या फळांची वेल होती. मोरवेलीच्या रसाने मात्र त्वचेची आग होते, हातमोजे घालावेत.

रानवेलींची सजावट ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. तळकोकणात गणपतीच्या डोक्यावर माटवी आणि गोव्यात माटोळी बांधतात, ती रानातल्या फळाफुलांची आणि वेलींचीच. कवंडळाची लाल-केशरी फळे, कांगुणीचे घोस, सुपाऱ्यांची शिपटी, असे कितीतरी लाकडी चौकटीला टांगलेले असते. बांधायला केवणीच्या सालीचा दोर. आपल्या रोजच्या गजऱ्यातल्या आणि वेणीतल्या जाई-जुईही वेलीच आहेत. फरक इतकाच की हारवाला वेलीचे फूल घेतो आणि वेल मागे ठेवतो. तुम्ही वेलच घेऊ पाहता आहात.

कळलावीबद्दल वेगळे सांगायला हवे. भुशीच्या उतारांवर श्रावणात ती फुलते, उलट्या वळलेल्या पाकळ्या आधी पिवळट हिरव्या, मग ज्वाळेसारख्या तांबड्या. तामिळनाडूचे ती राज्यपुष्प आहे. नेदरलँड्स आणि जपानात ती सजावटीच्या फुलांसाठी मुद्दाम लावली जाते आणि पाण्यात आठवडाभर टिकते. पण ती विषारी आहे. तिच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे विष असते, कंदात तर भरपूर. म्हणून जेवणाच्या टेबलावर, नैवेद्याच्या ताटाजवळ, लहान मुलांच्या आणि गुरांच्या तोंडाशी ती नको. हाताळल्यावर हात धुवावेत. फूल हवेच असेल तर परसात लावलेल्या वेलीचे घ्यावे, रानातला कंद उपटू नये.

टाळायच्या वेलींची यादी लहान आहे. खाजकुइलीच्या मखमली शेंगांना हात लागला तर दिवसभर खाज पुरेल. गुंजेच्या लाल-काळ्या बिया देखण्या असल्या तरी जहाल विषारी, मूल असलेल्या घरात त्या सुट्या पडू देऊ नयेत. कवंडळाचे फळही टांगण्यापुरतेच, तोंडात घालायचे नाही. अमरवेलीचे पिवळे धागे फुलदाणीत झकास दिसतात, पण तिचा तुकडा बागेतल्या जास्वंदीवर पडला तर तिथेच संसार थाटतो. वापरायचीच असेल तर काम झाल्यावर जाळून टाका.

गुळवेल विषारी नाही, पण तिची एक गंमत आहे. तिचे कापलेले खोड महिनोन्‌महिने मरत नाही. वळे करून भिंतीला टांगले तर त्यालाच कोंब फुटतात. वाळलेले वळे हवे असणाऱ्याची ती निराशा करते. हिरवळ हवी असणाऱ्याला मात्र पावते.

कंदीलपुष्पाच्या वेली तर कापूच नयेत. या कुळातल्या अनेक जाती फक्त सह्याद्रीत सापडतात आणि त्यांतल्या कित्येक दुर्मीळ आहेत. त्यांना तणावे नसतात, त्यामुळे तुमच्या कामाच्या त्या नाहीतच. शिवाय राखीव वनातून परवानगीशिवाय काहीही तोडून आणणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. भुशीच्या धरणाकडे जाताना दिसलेली वेल आपली नसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. स्वतःचे कुंपण, परस आणि शेजाऱ्याला विचारून त्याचा बांध एवढ्यात तुमची गरज भागेल.

शेवटी मांडणीबद्दल थोडे. तणावा हा बारीक रेषेचा अलंकार आहे. तो गर्दीत हरवतो. झेंडू-शेवंतीच्या दाट गुच्छात खुपसला तर कुणाला दिसणारही नाही. गुच्छाच्या कडेने एक-दोनच वेली बाहेर येऊ द्याव्यात आणि मागची भिंत किंवा पडदा साधा, एकरंगी असावा. दिवा बाजूने असेल तर पिळाची सावली भिंतीवर पडते आणि एकाचे दोन तणावे होतात. वेल ज्या दिशेने वाढत होती त्याच दिशेने ठेवावी. वर चढणारा शेंडा खाली लोंबवला तर पाने उलटी दिसतात, ते डोळ्यांना लगेच खटकते. तळेगाव दाभाड्याच्या आसपासच्या हरितगृहांतले गुलाब तुमच्याकडे सहज मिळतात. लांब, सरळ दांड्याच्या चार-पाच गुलाबांशेजारी दोडक्याचा एकच पक्का तणावा ठेवून पाहा. सरळ रेषेमुळे पीळ उठून दिसतो.

थोडक्यात, कोवळी वेल हिरवळीसाठी आणि पक्की वेल पिळासाठी, अशी वाटणी करा. पुढच्या पावसाळ्यात दोडक्याचे बी टोकाल त्याच दिवशी मांडवाच्या कडेने दहा-बारा बारीक कांब्याही रोवून ठेवा. गणपतीच्या आदल्या दिवशी त्यांतल्या पीळ पक्का झालेल्या तेवढ्याच काढा, बाकीच्या वेलीवर राहू द्या. दोडके खाऊन वर तणावेही मिळतील.